कुलूप उघडील त्यास इनाम

रायगडावरील हिरकणीची कथा महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. गडावर दूध विकावयास आलेल्या या गवळणीस परत निघण्यास उशीर झाला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ भुकेने व्याकूळ झाले असेल, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. अखेर अंधारातच ती एका उभ्या कड्यावरून खाली उतरली आणि बाळापाशी पोहोचली. त्या कड्यावरून कोणी चढू अथवा उतरू शकेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते. हे वृत्त शिवाजी महाराजांच्या कानी गेले, तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही. साडीचोळी देऊन त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे आख्यायिका सांगते. तो हिरकणी बुरूज रायगडावर आजही दाखविला जातो.

या कथेत मातृप्रेम तर आहेच. परंतु संरक्षणाचे एक तत्त्वही आहे. ज्या वाटेने माता उतरते, त्या वाटेने शत्रूही चढू शकतो. अशी वाट शत्रूच्या आधी आपल्याच माणसाकडून कळली, तर त्याचा राग न मानता आभार मानावेत आणि ती वाट तत्काळ बंद करावी.

इंग्लंडातील जोसेफ ब्रामा या कारागिराने याच तत्त्वाचा उपयोग व्यापारात केला. 1784 मध्ये त्याने एका नव्या रचनेच्या कुलपाचे पेटंट घेतले होते. पुढे लंडनमधील पिकॅडिली या रस्त्यावरील आपल्या दुकानाच्या खिडकीत त्याने तसे एक कुलूप मांडून ठेविले आणि किल्लीवाचून जो ते उघडील त्यास 200 गिनी इनाम देण्याचे जाहीर केले. अनेक वर्षे लोटली, ब्रामाही कालवश झाला. तरी कुलूप बंदच राहिले. 1851 मध्ये लंडन येथे जगातील वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. त्या वेळी अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज याने हे आव्हान स्वीकारले. सोळा दिवसांत मिळून 51 तास परिश्रम करून त्याने ते कुलूप उघडले आणि इनाम मिळविले.

या घटनेने लंडनमध्ये मोठी खळबळ उडाली. कुलपांचे दोष असे चारचौघांत सांगणे म्हणजे चोरांना धडे देणेच होय, असे काही लोक म्हणू लागले. त्यावर हॉब्जच्या पक्षाचे उत्तर मार्मिक होते. चोर आपल्या विद्येत मुळातच प्रवीण असतात. कुलपाचा दोष त्यांना बहुधा आधीच ठाऊक असतो. तो सज्जनांस ठाऊक नसणे, हाच खरा धोका होय!

आज कुलपे केवळ घराच्या दारासच लाविलेली नसतात. बँकेतील ठेवी, रुग्णालयातील नोंदी, आप्तेष्टांशी झालेला पत्रव्यवहार असे कितीतरी धन संगणकांत साठविलेले असते आणि संकेतस्थळांच्या द्वारांनी ते जगाशी जोडलेले असते. ही द्वारे संगणकास दिलेल्या लक्षावधी सूचनांची बनलेली असतात. सूचना लिहिणारी माणसेच असतात. त्यामुळे कोठे ना कोठे चूक राहून जाते. ती चूक म्हणजे जणू पहारा नसलेला कडा होय.

एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. कोणी आपला पासवर्ड विसरला, की संकेतस्थळ त्याच्या फोनवर सहा अंकांचा एक आकडा पाठविते. असे आकडे 000000 पासून 999999 पर्यंत एकंदर 10 लाख होतात. चोरास दहाच वेळा अंदाज करू दिला, तर तो यशस्वी होण्याचा संभव एक लाखात एक इतकाच राहतो. परंतु ही मर्यादा घालावयास कोणी विसरले, तर? माणूस कंटाळेल, संगणक कंटाळत नाही. तो एकामागून एक आकडे लावून पाहील आणि द्वार उघडील.

2016 च्या फेब्रुवारी महिन्यात बंगळूरच्या आनंद प्रकाश या तरुण अभियंत्यास फेसबुकच्या बाबतीत नेमके हेच आढळून आले. मुख्य संकेतस्थळावर ही मर्यादा होती. परंतु नव्या सोयींची परीक्षा घेण्यासाठी ठेविलेल्या दुसऱ्या द्वारावर ती घालावयाची राहून गेली होती. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम, आणि परसदार मात्र सताड उघडे! त्या परसदारातून कोणाच्याही खात्यात शिरता आले असते. प्रकाश यांनी हा प्रयोग स्वतःच्याच खात्यावर करून पाहिला आणि 22 तारखेस कंपनीस कळविले. दुसऱ्याच दिवशी ते द्वार बंद झाले. कंपनीने त्यांस 15,000 डॉलरचे पारितोषिक दिले.

अशा पारितोषिकास 'बग बाउंटी' असे म्हणतात. बग म्हणजे संगणकाच्या सूचनांतील दोष आणि बाउंटी म्हणजे इनाम. नेटस्केप या कंपनीने 1995 च्या ऑक्टोबरमध्ये अशी योजना जाहीर केली. गूगलने 2010 मध्ये व फेसबुकने 2011 मध्ये आपापल्या संकेतस्थळांसाठी ती सुरू केली. 2016 मध्ये तर अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही आपली काही संकेतस्थळे परीक्षेसाठी खुली केली. 1,410 जणांनी नावे नोंदविली. पहिल्या दोषाची सूचना अवघ्या 13 मिनिटांत आली आणि अखेर 138 दोष खरे ठरले. त्याच वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी येथील एका दहा वर्षांच्या मुलाने इन्स्टाग्रामवरील दुसऱ्याचा मजकूर पुसता येतो, हे दाखवून 10,000 डॉलर मिळविले. त्या पैशातून नवी सायकल घ्यावी, असा त्याचा मनोदय होता.

परंतु दोष शोधणाऱ्याने मर्यादा ओलांडली, तर त्याच्यात आणि चोरात भेद कसा करावयाचा? म्हणून या कार्याचे नियम ठरलेले आहेत. मालकाने परवानगी दिली असेल तेथेच शोध घ्यावा. प्रयोग स्वतःच्या खात्यावर करावा. आढळलेला दोष प्रथम मालकास कळवावा आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्याची वाच्यता करू नये. भारतात 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागते; हेतू अप्रामाणिक असेल, तर शिक्षाही होते.

नियम एकाच पक्षास असतात, असे मात्र नाही. 2013 मध्ये खलील श्रेतेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला एक दोष कळविला. परक्याच्या पानावरही मजकूर लिहिता येतो, असा तो दोष होता. हा दोषच नव्हे, असे उत्तर त्याला मिळाले. तेव्हा त्याने कंपनीचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्याच पानावर मजकूर लिहून आपले म्हणणे सिद्ध केले. दोष तत्काळ दुरुस्त झाला; परंतु दुसऱ्याच्या खात्याचा उपयोग केल्याने नियमभंग झाला, म्हणून त्याला पारितोषिक नाकारण्यात आले. त्याच्याशी नीट संवाद साधण्यात आपण उणे पडलो, हे कंपनीनेही मान्य केले. पुढे निरनिराळ्या देशांतील लोकांनी वर्गणी काढून 10,000 डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्यासाठी जमविली. नियम मोडणे अयोग्यच; तथापि सांगणाऱ्याचे कोणी ऐकलेच नाही, तर पुढच्या वेळी तो सांगावयास येईलच, असा भरवसा नसतो.

असा दोष चोरट्या बाजारात विकला, तर विकणाऱ्यास मोठी रक्कम मिळू शकते. तो मोह टाळून जो दाराशी येऊन सांगतो, त्याच्या श्रमाचे मोल देणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. मात्र केवळ इनाम दिल्याने दार सुरक्षित होत नाही. महाराजांनी हिरकणीस साडीचोळी दिली आणि तेवढ्यावरच ते थांबले असते, तर कडा उघडाच राहिला असता. त्यांनी बुरूजही बांधविला.