जंतूंची देवघेव

गुणदोष बापाकडून मुलाकडे जातात, ही गोष्ट आपणां सर्वांस परिचयाची आहे. परंतु शेजाऱ्याचा एखादा गुण केवळ स्पर्शानें आपल्या अंगीं उतरतो व पुढें आपल्या मुलानातवंडांतहि चालतो, असें कोणी सांगितल्यास आपण हंसूं. जंतूंच्या सृष्टींत मात्र हा प्रकार नित्य घडतो, आणि रुग्णालयांतील कित्येक असाध्य दुखण्यांचें मूळ त्यांतच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत आमांशावर सल्फा औषधें सर्रास दिलीं गेलीं. थोड्याच वर्षांत तीं निष्प्रभ ठरलीं. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांजवर भिस्त ठेवावी लागली. पुढें १९५५ च्या सुमारास या चारही औषधांस एकदम दाद न देणारे जंतु सांपडूं लागले. एकच औषध घेतलेल्या रोग्याच्या पोटांतहि ते निघत. तेव्हां हा निव्वळ योगायोग मानणें कठीण झालें. इ. स. १९५९ सालीं ओचियाई व आकिबा या संशोधकांनीं त्याचा उलगडा केला. आंतड्यांतील ई. कोलाय जंतु व आमांशाचे जंतु एकत्र वाढविले असतां पहिल्यांची चारही औषधांविरुद्धची शक्ति दुसऱ्यांत उतरते, असें त्यांस दिसून आलें.

ही शक्ति डीएनएच्या एका लहानशा वलयावर असते. मुख्य गुणसूत्राहून निराळ्या असलेल्या या वलयास प्लास्मिड म्हणतात. दोन जंतु एकमेकांस चिकटले कीं त्याची एक प्रत दुसऱ्यांत जाते, व मूळ प्रत देणाऱ्याजवळ राहते. विद्या दिल्यानें कमी होत नाहीं, तसाच हा व्यवहार. मात्र येथें शिष्य आपला शत्रु असतो! शिवाय चार औषधांवरील तोडगे एकाच वलयावर असल्यास, त्यांपैकीं एकच औषध वापरलें तरी चारही तोडगे जंतूंत टिकून राहतात.

रुग्णालयांत औषधांचा मारा मोठा, रोगी दुर्बळ, आणि एका खाटेवरून दुसरीकडे जाणारे हात अनेक. त्यामुळें ही देवघेव तेथें विशेष फोफावते. नवी दिल्लीच्या रुग्णालयांत राहून स्वीडनला परतलेल्या एका रोग्याच्या मूत्रांत २००८ सालीं क्लेबसिएला जातीचे जंतु आढळले. त्यांच्या प्लास्मिडावरील एनडीएम-१ हें जनुक, अखेरच्या प्रसंगासाठीं राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांसहि निकामी करणारें होतें. त्याच रोग्याच्या आंतड्यांतील ई. कोलायमध्येंहि तें सांपडलें.

रुग्णालयाच्या या गोष्टीशीं आपल्या घराचा काय संबंध, असें कोणी विचारील. थोरल्या भावाच्या उरलेल्या गोळ्या पुतण्याच्या सर्दीवर देणें पुष्कळ घरांत काटकसरीचें लक्षण समजतात. सर्दी विषाणूंमुळें होते. तिजवर या औषधांचा कांहींच उपयोग नाहीं. उलट, पोटांतील निरुपद्रवी जंतूंपैकीं साधे मरतात, व प्लास्मिड बाळगणारे मागें उरून वाढतात. एकत्र कुटुंबांत ते एकाच्या पोटांतून दुसऱ्याच्या पोटांत सहज जातात. आणि पुढें घरांतील वृद्धास शस्त्रक्रियेची वेळ आली, तर त्यांची शक्ति रोगजंतूंच्या हातीं लागते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावांचून हीं औषधें घेऊं नयेत, उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊं नयेत, आणि रोग्यास भेटण्यापूर्वीं व भेटून आल्यावर साबणानें हात धुवावेत, इतका नेम तरी प्रत्येक घरानें पाळावा.