खाणीचा गाळ, बेडूक आणि आपली विहीर

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. त्याला लागणारे पाणी पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून आत शिरते. फुप्फुसे असूनही श्वासोच्छ्वासाचे बरेचसे काम तो याच ओलसर कातडीकडून करून घेतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेले अपायकारक पदार्थ त्याच्या रक्तापर्यंत सहज पोचतात. खाणींच्या मुलखात पाणी बिघडले की त्याची झळ बेडकाला लवकर लागते, ती यामुळेच.

गाळ येतो कुठून?

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत आणि सिंधुदुर्गात रेडी, कळणे येथे उघड्या खाणींतून लोहखनिज काढले गेले. एक टन खनिजासाठी साधारण दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. या ढिगांवरची माती पावसाबरोबर वहाळात आणि शेतात उतरते. जुलै २०२१ मध्ये कळणे येथे खाणीचा बांध फुटून गढूळ पाणी घरांत व बागायतीत शिरले होते. गोव्यातील खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबवले होते. पण खाण बंद झाली म्हणून ढीग नाहीसे होत नाहीत, आणि पाऊस दरवर्षी येतो.

पिल्लांचे हाल

बेडकांचा विणीचा हंगामही नेमका पावसाळ्यातच असतो. त्यांच्या अंड्यांना कवच नसते, नुसते चिकट आवरण असते. त्यावर गाळाचा थर बसला की आतल्या गर्भाला प्राणवायू कमी पडतो. शेपटीवाली पिल्ले, म्हणजे बेडूकमासे, कल्ल्यांनी श्वास घेतात. त्या कल्ल्यांत गाळ अडकतो. दगडांवरचे शेवाळ खरवडून ती जगतात, तेही गाळाखाली जाते. उपासमारीने वाढ लांबते आणि पाय फुटण्याआधीच डबके आटते. गाळाबरोबर आलेले धातू पिल्लांच्या अंगात साठतात, ते वेगळेच.

जेथे खडकात गंधक असते, तेथे प्रकार याहून वाईट. अशा दगडाला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. मेघालयात जयंतिया टेकड्यांतील कोळसा खाणींमुळे लुखा नदीचे पाणी असेच आम्लधर्मी झाले. आम्लता फार वाढली की बेडकाचा गर्भ अंड्यातच वेटोळा होऊन मरतो.

उकळून भागेल का?

येथे आपल्या आरोग्याचा प्रश्न येतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो. पण विरघळलेले धातू या उपायांनी हमखास जात नाहीत. उलट फार वेळ उकळल्यास पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात धातूंचे प्रमाण वाढते. लोहखनिजाबरोबर अनेकदा मँगेनीज असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. जास्त मँगेनीजचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होऊ शकतो. लहान मुलांना त्याचा धोका अधिक.

काय करावे?

पांढरे कपडे पिवळट पडणे, चहा काळपट होणे, भांड्याला तांबूस थर धरणे ही पाण्यात लोह जास्त असल्याची घरगुती लक्षणे आहेत. मँगेनीज मात्र असे डोळ्यांना नेहमी दिसत नाही. म्हणून खाणीच्या पायथ्याच्या गावांनी विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. केवळ जंतूंची नव्हे, तर धातूंसह रासायनिक तपासणी हवी, असे स्पष्ट सांगावे. अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरे खात्रीचे पाणी वापरणे उत्तम. खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी कितीही निळेशार दिसले तरी पिऊ नये.

बेडूक आहेत म्हणजे पाणी पिण्यास योग्य, असा अर्थ काढू नये. मात्र दरवर्षी पहिल्या पावसात ओरडणारा ओढा एखाद्या वर्षी मुका राहिला, तर ती गोष्ट ग्रामसभेत जरूर बोलावी आणि पाण्याचा नमुना त्याच आठवड्यात तपासणीला पाठवावा.