घरचा हिशेब कोणाच्या हाती?

डोंबिवलीतल्या एखाद्या नोकरदार घराचे पैसे किती ठिकाणी विखुरलेले असतात, हे एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. पगार ऐरोलीच्या कंपनीने उघडून दिलेल्या खासगी बँकेच्या खात्यात, तर घराचे कर्ज दुसऱ्याच बँकेचे. आजी-आजोबांच्या मुदत ठेवी डोंबिवली नागरी सहकारी बँकेत. १९७० पासूनची ही बँक, तिच्या काउंटरवर मराठीत बोलता येते, म्हणून त्या तिथून हलत नाहीत. कचेरीतल्या पतपेढीची वर्गणी पगारातूनच कापली जाते. सराफाकडचा मासिक हप्ता, इमारतीतल्या बायकांची भिशी, पोस्टातले आवर्ती खाते, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा वार्षिक हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळे निराळेच. स्टेशनबाहेरची भाजी आणि रिक्षा कधी रोखीत, कधी क्यूआर कोडवर. ठाण्यात बँकेचे नाव टीजेएसबी (स्थापना १९७२) होते, कल्याणात कल्याण जनता (१९७३). बाकी चित्र फारसे बदलत नाही.

हा पसारा एका जागी दिसावा, म्हणून कोणीतरी फोनवर ॲप उतरवते. उतरवताना पाहिले जातात ते स्टार, रंगीत आलेख आणि ‘फ्री’ हा शब्द. पण घरचा हिशेब ही वीस-तीस वर्षे चालणारी गोष्ट आहे. म्हणून पहिला प्रश्न असा हवा, की हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर आपल्या नोंदी कुठे जातील?

ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेत इंट्युइट कंपनीचे ‘क्विकन’ १९८४ च्या सुमारास आले. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये ‘मनी’ आणले आणि २००९ मध्ये त्याची विक्री थांबवली. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मिंट’ने तर हिशेब लिहिण्याचे कष्टच संपवले. बँकेचे खाते जोडले, की खर्च आपोआप वर्गवारीत बसत. इंट्युइटने ते २००९ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलरना विकत घेतले. मार्च २०२४ मध्ये मिंट कायमचे बंद झाले. ज्यांनी आपल्या नोंदी वेळेत उतरवून घेतल्या, त्यांचाच पुरा जुना हिशेब आज त्यांच्याजवळ आहे.

जवळचे उदाहरण पुण्याचे. ‘वॉलनट’ हे ॲप पुण्यात तयार झाले. फोनवर येणारे बँकेचे एसएमएस वाचून ते महिन्याचा खर्च मांडून दाखवी. कल्पना चांगली होती आणि भारतीय सवयींना साजेशी होती, कारण आपल्याकडे प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस येतोच. २०१८ मध्ये कर्ज देणाऱ्या ‘कॅपिटल फ्लोट’ने ते विकत घेतले. पुढे कॅपिटल फ्लोटचे नाव ‘ॲक्सिओ’ झाले, वॉलनटही त्याच नावाखाली गेले आणि २०२५ मध्ये ॲक्सिओ ॲमेझॉनच्या मालकीची झाली. बंगळुरूचे ‘मनीव्ह्यू’ही खर्च सांभाळणारे ॲप म्हणूनच सुरू झाले. आज ते मुख्यतः वैयक्तिक कर्जांसाठी ओळखले जाते.

यात बेकायदा काही नाही. फुकट ॲपला कुठूनतरी मिळकत हवी आणि ज्याला आपला पगार, हप्ते व महिनाअखेरची शिल्लक माहीत आहे, त्याला कर्ज विकणे सोपे जाते. पण ग्राहकाने हे समजून पाऊल टाकावे. जे ॲप खर्च कमी करायला म्हणून घेतले, त्याची कमाई आपण कर्ज काढण्यावर असेल, तर त्याचा सल्ला आपल्या बाजूचा राहणे कठीण आहे.

एसएमएस वाचून चालणाऱ्या ॲपची दुसरी अडचण अशी, की एसएमएसच कमी होत आहेत. एचडीएफसी बँकेने २५ जून २०२४ पासून १०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस थांबवले. ‘यूपीआय लाइट’मध्ये तर पाकिटात पैसे भरल्याची एकच नोंद बँकेच्या खात्यात दिसते. त्यातून केलेले १,००० रुपयांपर्यंतचे छोटे खर्च पासबुकात येत नाहीत. डोंबिवलीच्या फडके रोडवरचा चहा, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी, म्हणजे ज्या खर्चांचा पत्ता लागत नाही अशी प्रत्येक घराची तक्रार असते, नेमके तेच खर्च या ॲपच्या नजरेतून सुटतात. भिशी, सराफाचा हप्ता आणि पतपेढीची वर्गणी त्याला कळण्याचा प्रश्नच नाही.

एसएमएसपेक्षा सुरक्षित मार्ग आता उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’चे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही सेवा प्रत्यक्षात आली. कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची, हे खातेदार ठरवतो. संमती मागेही घेता येते. मधल्या ॲग्रिगेटरला ती माहिती स्वतः वाचण्याची वा साठवण्याची मुभा नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र आपली बँक या जाळ्यात आहे का, हे आधी पाहावे लागते. घरातल्या निम्म्या ठेवी जाळ्याबाहेरच्या सहकारी बँकेत वा पतपेढीत असतील, तर पडद्यावरची ‘एकूण शिल्लक’ अर्धीच असते, आणि अर्धा आकडा पुरा समजून निर्णय घेणे हे हिशेब नसण्याहून वाईट.

आकड्यांच्या अचूकतेचा मुद्दाही आहेच. क्रेडिट कार्डाने ४,००० रुपयांचे कपडे घेतले आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल भरले, तर साधी ॲप दोन्ही वेळा खर्च धरू शकतात. एटीएममधून काढलेले पैसे, नवऱ्याने बायकोच्या खात्यात पाठवलेले पैसे, मुदत ठेवीत वळवलेली रक्कम यांतले काहीच खर्च नाही, पैशाने फक्त जागा बदलली आहे. गृहकर्जाच्या हप्त्यात व्याज हा खर्च, मुद्दल ही कर्जफेड. हा फरक ज्या सॉफ्टवेअरला कळतो, तेच हिशेबाच्या लायकीचे. हाच फरक टिपणारी दुहेरी नोंदीची पद्धत, म्हणजे पैसा कुठून गेला आणि कुठे आला हे दोन्ही लिहिण्याची रीत, इटलीच्या लुका पॅचिओलीने १४९४ मध्ये ग्रंथात मांडली. आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरापासून वाण्याच्या पेढीपर्यंत रोजकीर्द आणि खतावणी चालत आली. दिवाळीत पूजेला मांडली जाणारी वही याच शिस्तीची आहे.

ही शिस्त संगणकावर फुकट हवी असेल, तर ‘ग्नूकॅश’ आहे. १९९८ पासून ते चालू आहे, मुक्त स्रोत आहे आणि मराठीतही अनुवादित झाले आहे. रुपया, शेअर, म्युच्युअल फंड, कर्ज हे सगळे त्यात मांडता येते. दुहेरी नोंद समजायला काही रविवार द्यावे लागतात, पण फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि इंटरनेटची गरज नसते. घरी छोटा व्यवसाय, भाड्याची खोली किंवा बरीच गुंतवणूक असेल, तर ते कष्ट सार्थकी लागतात. त्याहून सोपे ‘होमबँक’. संगणक आणि अँड्रॉइड फोन दोन्हींवर चालणारे ‘मनी मॅनेजर ईएक्स’ही फुकट आहे आणि त्याचा सगळा विदा एका फाइलमध्ये मावतो. ‘वायनॅब’ची ख्याती मोठी आहे आणि प्रत्येक रुपयाला आधीच काम नेमून देण्याची त्याची पद्धत शिकण्याजोगी आहे. पण वर्षाला सुमारे १०९ डॉलर मोजूनही भारतीय बँका त्याला थेट जोडता येत नाहीत. नोंदी हातानेच करायच्या, तर हा खर्च इथल्या घरांना परवडणारा नाही.

आणि बहुतेक घरांना यातले काहीच लागत नाही. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसची एक स्प्रेडशीट पुरते. गूगल शीट्सवर नवरा-बायको दोघेही आपापल्या फोनवरून नोंद करू शकतात, सासूबाईंना ती छापून देता येते, आणि रकाने आपल्या घराच्या सोयीने पाडता येतात. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण परदेशी ॲप महिन्याच्या मापाने विचार करतात. इथल्या घराचे वर्ष तसे सपाट नसते. जूनमध्ये शाळा, मग गणपतीला गावी जाणे, दिवाळीचे कपडे आणि फराळ, मार्चपूर्वी कर वाचवण्याची गुंतवणूक, मध्येच महापालिकेचा मालमत्ता कर. बारा महिने एका पानावर दिसले, तरच पुढच्या जूनसाठी या जूनपासून बाजूला टाकता येते. बँकेतून उतरवलेले विवरण शीटमध्ये घेताना मात्र तारीख तपासावी. शीटची मांडणी अमेरिकी असेल, तर ०५/०६ म्हणजे ५ जूनचा व्यवहार निमूटपणे ६ मे ला जाऊन बसतो.

शीट असो वा सॉफ्टवेअर, ठेवींची बेरीज बँकनिहाय दिसली पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना आरंभी फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील मुद्दल आणि व्याज मिळून आहे, प्रत्येक पावतीला वेगळी नाही. पाच पावत्या पाच ठिकाणी ठेवल्याचे समाधान असते आणि त्या पाचही एकाच बँकेच्या शाखा निघतात. हे एका ओळीत दाखवणारा तक्ता पन्नास रंगीत आलेखांहून अधिक कामाचा.

तितकाच आवश्यक रकाना नॉमिनीचा. कोणत्या ठेवीवर कोणाचे नाव लावले आहे, विम्याची पॉलिसी कोणत्या कपाटात आहे, हे बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जमा होतात, आणि त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू करावे लागले. एकाच्या बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या ॲपमध्ये घराचा सगळा हिशेब बंद ठेवणे म्हणूनच धोक्याचे. घरातल्या आणखी एका माणसाला तो उघडता आला पाहिजे, आणि उघडल्यावर समजलाही पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्यापासून नवा हिशेब सुरू करणाऱ्यांनी ३१ मार्चपर्यंतचा काळ चाचणीचा धरावा. निवडलेल्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी दहा नोंदी कराव्यात, त्यांत एक कार्डाचे बिल आणि एक भिशीचा हप्ता असावा. मग त्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून संगणकावर उघडून पाहाव्यात. फाइल मिळालीच नाही, किंवा त्याआधीच ॲपने कर्जाची ऑफर पुढे केली, तर आधी त्यातले आपले खाते आणि साठवलेली माहिती पुसण्याची विनंती करावी आणि मगच ते फोनवरून काढावे. नुसते ॲप काढल्याने कंपनीकडे गेलेली माहिती पुसली जात नाही.