जतन कशाचे करावे?

26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणक केंद्रास आग लागली आणि ‘जी-ड्राइव्ह’ हे सरकारी कर्मचाऱ्यांचे सामायिक दप्तर तीत नष्ट झाले. त्याचा साठा 858 टेराबाइटचा होता. कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवावेत, अशी सूचना कर्मचाऱ्यांना होती. दप्तराची दुसरी प्रत मात्र अन्यत्र कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे ती ठेवता आली नाही, असे सांगण्यात आले.

एकत्र ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे, हा या घटनेचा पहिला धडा. दुसरा अधिक मोलाचा आहे. सर्व जपता येत नाही म्हणून काहीच जपले नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्रास मान्य होणारा नाही. साधने अपुरी असतात तेथेच निवड अपरिहार्य ठरते. कसोटी एवढीच की, ही फाइल गेली तर ती पुन्हा मिळवण्यास काय मोल पडेल?

ही निवड सुकर व्हावी अशी कप्प्यांची व्यवस्था संगणकात असते. लिनक्स प्रणालीसाठी अशी प्रमाण रचना 1994 मध्येच मांडली गेली. तीत ‘यूएसआर’ या कप्प्यात प्रणालीचे प्रोग्राम असतात. ते पुन्हा बसवता येतात. ‘टेम्प’मधील फाइली तात्पुरत्याच. ‘ईटीसी’त त्या यंत्राच्या मांडणीचे तपशील, तर ‘होम’मध्ये माणसांचे स्वतःचे काम असते. ‘व्हार’ हा कप्पा संमिश्र आहे: त्यातील ‘कॅश’ यंत्र पुन्हा निर्माण करते, पण ‘लिब’मध्ये चालू नोंदींचे भांडार असू शकते. तेव्हा प्रत काढायची ती ‘होम’, ‘ईटीसी’ आणि ‘लिब’ची. जागा बरीच व्यापणारे प्रोग्राम पुन्हा मिळतात. शिक्षकाची चिमुकली गुणपत्रिका मिळत नाही. तीच गुणपत्रिका उतरवून घेतलेल्या चित्रपटांच्या ढिगात पडली असेल, तर निवड करणार कोण आणि कशी?

महाराष्ट्रातील सरकारी कारकुनास हा विचार नवा नाही. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून ‘अ’ वर्ग कायम राखायचा आणि ‘ड’ वर्ग अल्पकाळात निकाली काढायचा, ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. कागदाचे बासन गेले आणि संगणक आला, म्हणून वर्गवारीचे काम संपले असे नाही. ती आधी करावी, निवडलेल्या फाइलींची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. आग लागल्यावर निवड करण्यास अवधी मिळत नाही.