आवाज ऐकू येत होता

श्रावणातल्या एका सकाळी राजूरच्या रस्त्याला गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ‘टक्’ असा आवाज आला. गाडी चालवणारा पुतण्या म्हणाला, “काका, पुढून आवाज येतोय. एकदा मिस्त्रीला दाखवू या.” मी खिडकीतून भाताची खाचरं बघत होतो. म्हणालो, “गाडी जुनी झाली की बोलतेच. दिवाळीनंतर बघू.”

गाडी आमची जीपच्या वळणाची, चारही चाकांना जोर देणारी. अकोले तालुक्यात आमचं थोडं रान आहे. तिथे पोचायला शेवटचा टप्पा म्हणजे नुसते दगड आणि ओढा. पावसाळ्यात साधी मोटार तिथे नेणं म्हणजे तिचा छळच. म्हणून निवृत्तीनंतर ही गाडी घेतली, तीही दुसऱ्याच्या हातची.

भाद्रपदात एका रात्री अकराच्या सुमारास वस्तीवरचा एकजण कंदील घेऊन दारात उभा राहिला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. “साहेब, गाडी द्या,” एवढंच तो म्हणाला. पुतण्याने गाडी काढली, मी पुढे बसलो. मागे ती मुलगी, तिची सासू आणि सुईण. प्रत्येक खड्ड्याला मागून कण्हणं यायचं आणि पुढून ‘टक्’. पहाटे दवाखान्याच्या ओसरीवर बातमी आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आम्ही चहा प्यालो आणि मोठ्या तोऱ्यात घरी आलो.

तिसऱ्या दिवशी संगमनेरला काम होतं, म्हणून गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने आवाजाचं वर्णन मन लावून ऐकलं. मागच्या चाकांना दगड लावले, खालच्या आर्मखाली जॅक घेऊन पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. आधी टायर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवला. “हे स्टिअरिंगचे सांधे. ठीक आहेत.” मग वरून आणि खालून धरून हलवला, आणि शेवटी टायरखाली पहार घालून तिच्यावर जोर दिला. चाक करंगळीच्या नखाएवढं वर गेलं आणि ‘टक्’ करून खाली आलं. तोच आवाज.

“साहेब, बॉल जॉइंट गेलाय. इकडे वाका.”

मी वाकलो. माणसाच्या खुब्यात जसा हाडाचा गोळा वाटीत बसतो, तसाच हा पोलादी गोळा वाटीत बसतो. चाकाला खड्ड्याप्रमाणे वर-खाली व्हायचं असतं आणि स्टिअरिंगप्रमाणे वळायचंही असतं. ही दोन्ही कामं एका सांध्यावर. वर एक आणि खाली एक. आमच्यासारख्या गाडीत भार मुख्यत्वे खालच्यावर. पूर्वी माझ्या शाखेला वसुलीसाठी जी जुनी जीप होती, तिला ही भानगड नव्हती. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर विलीज जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली, त्या घराण्यातली ती. पुढे अखंड ॲक्सल, पाट्यांची स्प्रिंग, चाक वळायला किंग पिन. हाडं खिळखिळी करायची, पण सरळ साधी. नव्या रचनेने प्रवास मऊ झाला आणि जपायचे सांधे वाढले.

सांध्यावर रबराची एक टोपी असते. तिची किंमत ती काय! पण आतलं ग्रीस तिच्यामुळे टिकतं. आमच्या गाडीची टोपी फाटली होती. ओढ्याचं पाणी, चिखल, बारीक वाळू आत गेली आणि ग्रीसच्या जागी तांबूस गंजाचा लगदा झाला. मग वाळूने गोळा आणि वाटी दोन्ही घासून काढली.

मिस्त्रीने चाक उतरवलं, आर्मखाली घोडी लावली, कारण स्प्रिंगचा ताण मोकळा सुटला तर माणसाचा हात राहत नाही. स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, पण शेवटचे दोन-चार आटे ठेवले; सांधा सुटताना उडू नये म्हणून. सांध्याच्या दांड्यावर घाव न घालता, तो ज्या पोलादात बसतो त्याच्या बगलेवर हातोड्याचे दोन ठोके दिले. दांडा निमुळता असतो, असा हादऱ्याने सुटतो. जुना सांधा प्रेसने दाबून काढला आणि नवा तसाच दाबून बसवला. नट आवळल्यावर पिनेचं भोक जुळेना, तेव्हा पोऱ्याने नट किंचित सैल करायला हात घातला. मिस्त्री ओरडला, “मागं नाही, पुढं! जुळेस्तोवर आवळायचा, सोडायचा नाही.” पिन नवी घातली. ग्रीस गनने टोपी जराशी फुगेपर्यंत ग्रीस भरलं.

उजवीकडचाही बदलायचं तो म्हणाला, तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. “तो तर आवाज करत नाही.” मिस्त्री म्हणाला, “दोघं एकाच रस्त्यावर चाललेत साहेब.” चारही बदलले, अलाइनमेंट करून घेतली. सगळं मिळून दोन नव्या टायरांपेक्षा कमी खर्च आला.

निघताना त्याने जुना सांधा माझ्या तळहातावर ठेवला. दांडा बोटाने हलवला तर वाटीत लोळत होता. “हा निसटला असता तर चाक बाहेर मुडपतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मग स्टिअरिंग असून नसल्यासारखं. नशीब, मोठं ओझं नेलं नाहीत.”

मी काही बोललो नाही.

नोकरीत असताना मी शेकडो लोकांना समोर बसवून सांगितलं, की हप्ता थकला की तो तिथेच थांबत नाही, व्याज चढतच राहतं. मला वाटायचं, हे फक्त पैशाबद्दल आहे. श्रावणात ऐकलेला आवाज मी दिवाळीवर ढकलला, आणि ते व्याज त्या रात्री कोण भरणार होतं? मागच्या सीटवरची बाई, आणि जगात न आलेली तिची मुलगी. ज्यांनी काही उचललंच नव्हतं.

बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं. त्या माणसाने मला पाटावर बसवलं, नारळ दिला. “साहेब, तुमच्यामुळं झालं,” म्हणाला. चार माणसांत माझी जीभ उचलली नाही. पाळण्यातली पोर मुठी आवळून झोपली होती.

तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. नारळ अजून देवघरात आहे. तो फोडायचा धीर झालेला नाही.

परवा पुतण्या म्हणाला, “काका, मागून बारीक कर्रकर्र येतंय.” आम्ही गाडी तिथेच उभी केली.