ऑनलाइन खेळ : नवशिक्याने सर्व्हर कोणता घ्यावा?

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी ओटीवर पोरं मोबाइलात डोकं घालून बसलेली दिसतात. त्यांतली काही रोल-प्लेइंग गेम खेळत असतात. म्हणजे काय, तर आपण एक पात्र घ्यावयाचे, कोणी लढवय्या, कोणी लोहार, आणि दूरदूरच्या खेळगड्यांच्या संगतीने एका काल्पनिक मुलखात त्याला महिनोन्‌महिने वाढवावयाचे. हा मुलूख ज्या संगणकावर नांदतो तो सर्व्हर. एकाच खेळाचे असे अनेक सर्व्हर असतात, आणि सुरुवातीलाच विचारले जाते, कुठे जाणार?

पोरगा वरचे पहिले नाव दिसेल त्यावर बोट ठेवतो. घोटाळा इथेच होतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा २०२० साली आलेला खेळ घ्या. अमेरिका, युरोप, आशिया आणि तैवान-हाँगकाँग-मकाव असे त्याचे चार सर्व्हर. एकावरची कमाई दुसऱ्यावर नेता येत नाही. मुरूडच्या एकाने अमेरिका घेतली आणि त्याच्या वर्गमित्राने आशिया, तर एका बाकावर बसणारे हे दोघे खेळात कधी भेटायचे नाहीत. भेटायचेच म्हटले, तर एकाला शून्यापासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा आधी सोबत्यांना विचारावे, तुम्ही कुठे आहात? माझ्या मते बाकी सगळे यानंतर.

सोबती नसतील तर अंतर पाहावे. आपण तलवार उगारली, की तो निरोप सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर परत येते. या जाण्यायेण्याच्या वेळेला पिंग म्हणतात. 'अल्बियन ऑनलाइन' या खेळाचा आशियाई सर्व्हर २०२३ मध्ये सिंगापूरला सुरू झाला. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद तरी हवेतच. समुद्राखालची केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अधिकच लागतात. (गुरुजींनी हे गणित वर्गात घालण्यासारखे आहे.) युरोप-अमेरिकेचा सर्व्हर घेतला, तर आपला वार पोहोचेपर्यंत समोरचा वार करून मोकळा! पावसाळ्यात गावची रेंजच गेली, तर मात्र जवळच्या सर्व्हरचाही इलाज चालत नाही.

वेळेचेही तसेच. आपल्याकडे संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा सिंगापूरला साडेनऊ झालेले असतात. तिकडे गर्दी असते, सोबत मिळते. युरोपात रात्रीची जेवणे आटोपून मंडळी खेळायला बसतात तोवर आपल्याकडे मध्यरात्र उलटते, आणि पोराला सकाळी शाळा असते.

मग पाहावयाचा तो नियम. दुसऱ्या खेळाडूने आपल्याला मारले, तर काय जाते? 'अल्बियन'मध्ये निळ्या-पिवळ्या भागात गाठोडे शाबूत राहते. लाल आणि काळ्या भागात मारणारा अंगावरचे सगळे लुटून नेऊ शकतो. महिनाभर जमवलेले एका रात्रीत गेले म्हणून रडणारे पोर घरच्यांना खुळे वाटते, पण त्याचे कष्ट खरे असतात. त्याला रंगांचा अर्थ आधी कोणी सांगितलेला नसतो.

काही ठिकाणी नवख्यांची सोय मुद्दाम केलेली असते. 'फायनल फँटसी चौदा' या खेळात नवख्याच्या नावाशेजारी अंकुराचे चिन्ह दिसते, म्हणजे जुने खेळाडू सांभाळून घेतात. कमी वस्तीच्या सर्व्हरवर येणाऱ्यांना सवलतीही देतात. कोणी परस्पर चालवलेल्या चोरट्या सर्व्हरवर मात्र जाऊ नये. तो कधीही बंद पडतो, आणि तिथे दिलेला पासवर्ड कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही.

पहिला आठवडा एक पैसाही न घालता खेळावे. गप्पांच्या चौकटीत साधा प्रश्न टाकून पाहावा, आणि उत्तर कोण देतो, कोणत्या भाषेत देतो, की नुसत्या शिव्याच येतात, ते ध्यानात घ्यावे. जमले नाही, तर पात्र लहान आहे तोवर दुसऱ्या सर्व्हरवर नवे काढावे.