नोकरीचा राजीनामा व घरची मंडळी

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं माझे एक जुने स्नेही घरीं आले. बसतांच त्यांनीं विषय काढला. थोरला मुलगा बँकेंतील कायमची नोकरी सोडून चित्रकलेस वाहून घेणार म्हणतो. तो माझा विद्यार्थी, तेव्हां मीं त्यास चार शब्द सांगावे. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या माणसाकडे लोक अशा कामासाठीं कां येतात, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. पण येतात खरे. मीं त्यांस उपदेश न करितां धुंडिराज गोविंद फाळके यांची हकीकत सांगितली. दादासाहेबांचें नांव आज सर्वतोमुखी आहे. परंतु आपण तें पडद्याच्या बाजूनें ऐकतों, स्वयंपाकघराच्या बाजूनें ऐकत नाहीं.

दादासाहेबांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं एका व्युत्पन्न शास्त्र्यांच्या घरीं झाला. शास्त्र्यांचा हा मुलगा १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकला. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणें, फार काय, जादूचे प्रयोगसुद्धां त्यांनीं हस्तगत केले. गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा मांडला, तों प्लेगानें पहिली पत्नी व मूल हिरावून नेलें. पुढें दुसरा विवाह झाला. १९०३ सालीं पुरातत्त्व खात्यांत सरकारी नोकरी मिळाली. ती त्यांनीं बंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेंत सोडली व छापखाना काढला. भागीदारांशीं पटेना, म्हणून तोही सुटला.

येथवर मला फारसें साहस दिसत नाहीं. ज्याच्या हातीं चार विद्या आहेत त्यानें एक खुर्ची सोडली, तर दुसरी मिळूं शकते. खरी कसोटी पुढेंच होती. छापखाना सुटल्यावर ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसतो तर आपले राम-कृष्ण कां दिसूं नयेत, ह्या एका विचारानें त्यांस पछाडलें. दुसऱ्या खेपेस ते पत्नीस, सरस्वतीबाईंस, बरोबर घेऊन गेले. मला ह्या हकीकतींत ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बेत पक्का करून मग बायकोच्या कानांवर घालणारे पुष्कळ असतात. जें आपण पाहिलें तें तिलाही आधीं दाखविणारा विरळा.

त्या वेळीं दादासाहेबांनीं चाळिशी गांठली होती. घरांत पोरवडा, हातीं मिळकत नाहीं. चित्रपट पाहून पाहून व रात्रंदिवस प्रयोग करून दृष्टि जाण्याची पाळी आली. औषधोपचारांनीं ती वाचली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत स्वारी विलायतेस गेली व यंत्रसामग्रीची व्यवस्था करून दोन महिन्यांत परतली. आतां भांडवल कोण देणार? दादासाहेबांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा एका जागीं ठेवून त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसेंदिवस घेतलीं. पडद्यावर तो अंकुर क्षणार्धांत वाढून वेल झाला, तें पाहून पैसे देणाराची खात्री पटली. आजच्या हौशी तरुणांस मी म्हणेन, बाबांनो, राजीनाम्यापूर्वीं तुमचा वाटाणा दाखवा.

दादरच्या घरांत चित्रपटाचें काम सुरू झालें. ह्या कामीं सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. आणि दिवसभराचें रांधणें-वाढणें आटोपल्यावर फिल्मीच्या कडांना भोकें पाडणें, ती धुण्याचीं द्रावणें कालविणें, हीं कामें त्या नवऱ्याकडून शिकून करीत. तारामतीच्या भूमिकेस कोणी स्त्री मिळेना. शेवटीं उपाहारगृहांत काम करणारे साळुंके नांवाचे गृहस्थ तारामती झाले. रोहिदास झाला तो दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कथा हरिश्चंद्राची, म्हणजे शब्दापायीं स्त्रीपुत्रांस विकणाऱ्या राजाची! ही निवड करतांना घरांत कोणी हंसलें असेल कीं नाहीं, कोण जाणे.

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला आणि चालला. १९१७ च्या ‘लंकादहना’नें तर पैशाचा पाऊस पाडला. पण ज्या घरांत पैसा चित्रासाठीं येतो, त्या घरांतून तो चित्रासाठींच जातो. १९१८ सालीं भागीदारींत नवी कंपनी निघाली. तेथेंही खटके उडाले आणि दादासाहेब कांहीं काळ काशीस जाऊन राहिले. परतले, पुन्हां चित्रें काढलीं. शेवटचें ‘गंगावतरण’ १९३७ चें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकांत त्यांचें देहावसान झालें, तेव्हां त्या वैभवांतलें फारसें कांहीं उरलें नव्हतें. १९६९ सालापासून त्यांच्या नांवें सरकारी पुरस्कार दिला जातो, हें सर्वांस ठाऊक आहे.

स्नेही ऐकत होते. शेवटीं म्हणाले, “म्हणजे सोडावी कीं सोडूं नये?”

मीं विचारलें, “सूनबाईंचें म्हणणें काय आहे?”

ते थोडे घुटमळले. “तिला अजून कोणीं विचारलें नाहीं,” असें म्हणून त्यांनीं टोपी डोक्यावर ठेवली व ते उठले. परवां त्यांचें कार्ड आलें : येत्या रविवारीं मुलगा व सूनबाई दोघेंही येत आहेत, आणि मुलगा आपलीं चित्रें बरोबर आणणार आहे.